उंबरा न ओलांडणारा कुत्रा

धुळ्याच्या सरकारी वसाहतीत आम्ही राहत होतो, तेव्हा तिथला एक कुत्रा चोर ठरला आणि त्याला आपले घर सोडावे लागले. तो चोर नव्हता, हे एकट्या मला ठाऊक होते. कारण त्याला चोर ठरवणारे वाक्य माझ्याच तोंडून निघाले होते. ते मी अनेक वर्षे लपवून ठेवले. आज पन्नाशी उलटल्यावर लिहायला बसलो आहे, तेव्हाही त्या वाक्यापाशी आलो की लेखणी थांबते.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षे होती. मी कनिष्ठ लिपिक होतो, लग्न होऊन फार काळ लोटला नव्हता आणि आई चाळीसगावकडच्या आमच्या खेड्यातून माझ्याकडे राहायला आली होती. वसाहतीतली बैठी घरे एका सामाईक बागेभोवती चौकोनात बांधलेली होती. प्रत्येकाचे पुढचे दार बागेत उघडायचे. नळ बागेत, कपड्यांच्या दोऱ्या बागेत, बाहेर पडायचे फाटकही बागेच्याच टोकाला. घरातून निघालेल्या माणसाला सगळ्यांच्या डोळ्यांपुढून गेल्याशिवाय रस्ता गाठता येत नसे. मला तेव्हा याचे कौतुक वाटे.

भांडणे होत ती जनावरांवरून. जीपचे ड्रायव्हर आबा कोंबड्या पाळत. हेडक्लार्क साहेबांचा जीव त्यांच्या गुलाबांत होता. आणि आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या सर्व्हेअर भाऊंकडे एक गावठी कुत्रा होता, तपकिरी, एक कान कायमचा मुडपलेला. साहेबांची तक्रार असे की कुत्रा गुलाबांची आळी उकरतो.

"साहेब, तुम्ही आळ्यात हाडांचं खत घालता," आबा म्हणत. "मग कुत्रं तिथं काय आरती करील?"

"तुम्ही बोलूच नका. तुमचा कोंबडा मध्यरात्रीच आरवतो. त्याला आधी घड्याळ घेऊन द्या."

अशी भांडणे चहापर्यंत टिकत. आमच्याकडे कोणतेच जनावर नव्हते, म्हणून निवाडा बहुधा आमच्या ओट्यावर होई. 'यांना काय, यांचं ना कोंबडं ना कुत्रं,' असे म्हणून दोन्ही बाजू माझ्याकडे पाहत. माझ्या शब्दाला तिथे वजन होते ते एवढ्याच कारणाने.

भाऊंच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. त्यांना फार कमी ऐकू येई. भाऊ मोजणीच्या कामावर गेले की आठवडा आठवडा परतत नसत आणि अक्का घरात एकट्या असत. दाराची कडी वाजलेली त्यांना कळत नसे. ते काम कुत्रा करी. पुढच्या दारी कोणी आले की तो घराला वळसा घालून मागे स्वयंपाकघराच्या दाराशी जाई आणि अक्कांच्या तोंडासमोर उभा राहून भुंके. मात्र उंबऱ्याच्या बाहेरूनच. पिल्लू असताना त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला की अक्का जमिनीवर फुंकणी आपटत. तेव्हापासून त्याने कोणाच्याही घराचा उंबरा ओलांडलेला नव्हता. पावसात भिजत दाराबाहेर बसे, पण आत येत नसे.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. त्या पूजेचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त कुळातल्या माणसांनी खायचे, असा आमच्या घरचा दंडक आहे. शेजाऱ्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. पौर्णिमेच्या आत ते संपवायचे आणि काही उरलेच तर वाहत्या पाण्यात सोडायचे. त्या वर्षी पत्नी गरोदर होती, तिला जेवण जात नव्हते, आणि रोट उरले. आईने ते दोन धडक्यांत, म्हणजे जुन्या फडक्यांत, बांधून दाराजवळच्या टोपलीत ठेवले आणि मला पांझरा नदीवर जाऊन सोडून यायला सांगितले.

मी गेलो नाही. पाऊस भुरभुरत होता, सायकल पंक्चर होती, ही कारणे खरी आहेत. पण त्याहून खरे कारण हे की हातात गाठोडी घेऊन साहेबांच्या दारावरून जायची मला लाज वाटली. ते विचारतील, मी सांगेन, ते हसतील. मी बागेच्या कोपऱ्यात कर्दळीमागे खुरप्याने वीतभरही खोल नसलेला खड्डा केला, गाठोडी त्यात ठेवली, माती लोटली आणि घरी येऊन म्हणालो, "सोडले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईची किंकाळी ऐकून मी बाहेर आलो. कुत्रा अक्कांच्या ओट्याखाली बसून रोट खात होता. एक धडके शेजारीच पडले होते.

"कानबाईना रोट कुत्राना तोंडमा गया रे!" आईने छातीवर हात ठेवले होते. तिची नजर दारात आलेल्या माझ्या पत्नीच्या पोटाकडे गेली. तशी भेदरलेली आई मी तोवर पाहिली नव्हती. "तू ते नदीमा सोडेल व्हतं ना?"

बागेत सगळी दारे उघडली होती. साहेब होते, आबा होते, भाऊही त्या दिवशी घरी होते. माझ्या उत्तराची सगळे वाट पाहत होते. खरे सांगायला एक क्षण पुरला असता. मी म्हणालो, "मी निघण्याआधीच त्यानं आतून एक धडकं पळवलं असेल. टोपली दाराजवळच होती."

अक्का माझ्या ओठांकडे पाहत होत्या. शब्द कळले नसावेत. भाऊंनी ते त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगितले. त्या एकदम पुढे आल्या.

"तो उंबरा वलांडत नही. बठ्ठास्ले ठाऊक शे. मना कुत्रा चोर नही शे!" ते खरोखरच सगळ्यांना ठाऊक होते.

"अहो अक्का, ते कशाला खोटं बोलतील?" साहेब म्हणाले. "त्यांचं ना कोंबडं ना कुत्रं."

यापुढे भांडण चहापर्यंत टिकणारे राहिले नाही. गुलाबांचे आळे उकरणे निराळे आणि गरोदर सुनेच्या घरात शिरून देवाचे पळवणे निराळे. आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही तिने घास घेतला नाही, तेव्हा भाऊ स्वतःच आमच्या ओट्याशी आले. सभ्य माणूस. म्हणाले, "काकू, तुमच्या मनात नको असेल तर ठेवत नाही त्याला." पिंपळनेरकडे आबांच्या मेहुण्याची शेती होती. जीप तिकडे जायची होती. तिथे सोडायचे ठरले.

जीप फाटकाशी उभी राहिली. अक्कांनी कुत्र्याला तिथवर आणले. मागची फळी खाली केलेली होती. आबांनी आतून भाकरीचा तुकडा दाखवला. कुत्र्याने पुढचा एक पाय फळीवर ठेवला आणि लगेच मागे घेतला. पुन्हा बोलावले, पुन्हा तेच. भूक लागलेली होती, लाळ गळत होती, तरी परक्या जागेत तो पाऊल टाकायला तयार होईना.

"देखं ना बठ्ठास्नी?" अक्का म्हणाल्या.

सगळ्यांनी पाहिले होते. साहेब वळून आपल्या गुलाबांकडे बघू लागले. आबांनी भाकरी खिशात घातली. आईने पदर तोंडाशी नेला. कोणीतरी बोलेल असे मला वाटले. कोणीतरी म्हणजे माझ्याखेरीज कोणीही. मग ती शांतता मलाच सोसेना आणि मी पुढे होऊन कुत्र्याला उचलले आणि जीपमध्ये ठेवले. त्याच्या छातीची धडधड माझ्या मनगटाला लागत होती.

त्यानंतर अक्कांनी पुढचे दार लावणे सोडून दिले. कोणी आले तर दिसावे म्हणून त्या दिवसभर दारासमोर तोंड करून बसत. निवडणे, टिपणे, शिवणे, सगळे तिथेच. मागे चुलीशी गेल्या की घाईने परत येत. तरीही एकदा सिलिंडर संपलेले असताना गॅसवाला हाका मारून परत गेला आणि दौऱ्यावरून भाऊ येईपर्यंत त्यांनी चुलीवर धूर सोसला. त्यांचे दार माझ्या दारासमोर होते. सकाळी मी कडी काढली की समोर अक्का. नळावर गेलो, अक्का. कचेरीतून परतलो, फाटक उघडले, की त्या मान वर करत आणि हसत. घराला दुसरे दार होते, पण त्यामागे कुंपणाची भिंत होती. मी काही दिवस भिंतीवरून उडी मारून जाण्याचाही विचार केला, इतका त्या हसण्याला भ्यालो होतो.

पुढे आम्हाला मुलगी झाली, सुखरूप. आईने ठरवून टाकले की वेळीच कुत्रा गेला म्हणून देवीने सांभाळले. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती हे सांगे आणि शेवटी माझ्याकडे पाहून म्हणे, "काय रे, अशेच ना?" मी होकारार्थी मान हलवत असे. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू अक्कांनी केले. बाळाला अंघोळ घालायला त्याच येत. तेल चोळताना त्या बाळाशी मोठ्याने बोलत, कारण स्वतःचा आवाजही त्यांना नीट ऐकू येत नसे. मी आतल्या खोलीत पेपर धरून बसे. त्यांनी माझ्यावर राग धरला असता तर मला थोडा श्वास घेता आला असता. पण त्यांनी एवढेच मानले होते की माझा अंदाज चुकला असेल.

जीप पिंपळनेरला जायची असली की अक्का आबांकडे फडक्यात भाकरी देत. आबा ती घेत. पुढच्या पावसाळ्यात एकदा आबा फडके परत करत त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, "अक्का, आता भाकरी देऊ नका." मी नळावर होतो. अक्कांनी ते हाती घेतले. फडके झटकले, घडी घातली आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

माझी बदली जळगावला झाली, तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. ट्रक फाटकातून बाहेर पडताना मी मागे पाहिले नाही. जळगावच्या घराला स्वतःचे अंगण होते, समोर कोणाचेही दार नव्हते. पण आई बरोबर होती आणि तिची गोष्टही. एके दिवशी दुपारी शेजारची पोरे ओट्यावर जमली होती आणि माझी मुलगी, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली, त्यांना हातवारे करून सांगत होती, "मग तो चोर कुत्रा हळूच घरात आला, आणि देवाचं घेऊन पळाला! मग माझ्या बाबांनी त्याला असं उचललं आणि फेकून दिलं." मला पाहून तिने विचारले, "हो ना, बाबा?"

माझी मान हलू लागली होती. ती मी थांबवली, आणि आत गेलो.

आई मिरच्यांची देठे काढत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि कर्दळीमागचा खड्डा सांगितला. ती कोसळेल, देवीचे भय पुन्हा घेईल, ही भीती मी इतकी वर्षे पुढे केली होती. आई देठे काढतच राहिली.

"दुष्काळना सालले आमना गावनी नदी कोरडी व्हती," ती म्हणाली. "तवय आम्हीबी रोट पुरेल व्हतं. पुरेल चालतस. खड्डा खोल पाह्यजे, बस."

म्हणजे रोट पुरलेले चालत होते. तेव्हाच विचारले असते, तर एवढे उत्तर होते.

"चुकनं, आई."

"माले काय सांगस?" तिने मिरच्यांचे सूप माझ्याकडून दूर ओढले. "तिले सांग."

भाऊ तोवर निवृत्त होऊन धुळ्यातच देवपूरला राहायला गेले होते. मी गेलो तेव्हा ते दळण आणायला गेले होते. गल्ली अरुंद, दारे समोरासमोर. समोरच्या ओट्यावर दोघी बायका गहू पाखडत होत्या, एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसले होते. अक्का उघड्या दारात बसल्या होत्या. मला ओळखून त्यांनी हात धरून आत नेले, मुलीचे विचारले, आईचे विचारले, चहा ठेवायला उठू लागल्या. मी त्यांना थांबवले आणि जे ठरवून आलो होतो ते सांगितले.

मी मुळात हळू बोलणारा माणूस. त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "मोठ्यानं बोल रे. आते काहीच ऐकू येत नही."

मी पुन्हा सांगितले. त्यांनी मान हलवून नकार दिला आणि उजेडात यायची खूण केली. आम्ही ओट्यावर आलो. मनात आले, कागदावर लिहून द्यावे. पण अक्कांना वाचता येत नव्हते, आणि दुसऱ्या कोणाच्या तोंडून हे त्यांच्या कानी घालायचे नव्हते. माझे खोटे एकदा तसेच, भाऊंच्या तोंडून, त्यांच्या कानी गेले होते. मी त्यांच्या कानाशी वाकलो. समोरचे पाखडणे थांबले. म्हाताऱ्यांनी मान वळवली. आयुष्यात मी तेवढ्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आदळलेला मला ऐकू आला.

"अक्का, तुमचा कुत्रा आमच्या घरात शिरला नव्हता! रोट मीच बागेत पुरले होते आणि आईला खोटं सांगितलं होतं. तो चोर नव्हता, खोटं मी बोललो. मला माफ करा!"