उताऱ्यातलं पुस्तक

लिंबू, हळदकुंकू, दहीभाताचा मुटका, एक अंडं आणि या सगळ्याच्या मधोमध वाचनालयाचं पुस्तक. वस्तीच्या तिन्ही वाटा जिथं मिळतात तिथं म्हाळसाबाईनं उतारा टाकला होता. उताऱ्यात कुणी नारळ टाकतं, कुणी काळी बाहुली टाकतं. पण नोंदणी क्रमांक घातलेलं, संस्थेचा गोल शिक्का मारलेलं पुस्तक टाकणारी ही बाई अख्ख्या पैठण तालुक्यात पहिलीच असावी. पुस्तकाचं नाव ‘बारवेतली तेरावी पायरी’. अमिना वाटेच्या कडेला उभी राहून त्याच्याकडं बघत होती. हसावं की रडावं तिला कळेना. खरं तर तिला फक्त कुठंतरी टेकायचं होतं.

अमिनाचं वय बावन्न. त्यातली एकोणीस वर्षं फिरत्या वाचनालयाच्या गाडीत गेलेली. सकाळी शहरातून निघायचं, आडूळ मागं टाकायचं, पाचोडच्या अलीकडं मोठा रस्ता सोडून फुफाट्यात शिरायचं आणि वस्तीवस्तीवर लिंबाखाली गाडी लावून पोरांना पुस्तकं वाटायची. गुडघे केव्हाच कामातून गेलेले. नवरा निजामुद्दीन गुलमंडीत कापडाच्या दुकानावर, तो रोज जेवताना म्हणायचा, “बस झालं आता, घरी राहा.” संस्थेच्या ऑफिसला दर महिन्याला तक्ता लागायचा, की संस्काराची पुस्तकं किती पोरांनी वाचली. अहो, कोण वाचतंय संस्कार! थोरांची चरित्रं आली तशी कोरी करकरीत परत जायची आणि भुताखेतांच्या रहस्यकथांना टाके घालून घालून अमिनाची बोटं दुखायची. पोरांना भुतं पाहिजेत म्हणजे भुतंच पाहिजेत. तिला स्वतःला भुतं काडीची आवडत नव्हती. पहिलं प्रकरण तेवढं ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि गोष्टीतल्या दाराची कडी वाजली की ऐन तिथंच पुस्तक मिटून म्हणायची, “पुढचं तुमचं तुम्ही वाचा.” पोरं मग मुंगळ्यासारखी चिकटायची. एवढा एकच हुन्नर तिच्याकडं होता, आणि त्याचाही तिला अलीकडं कंटाळा यायला लागला होता.

म्हाळसाबाईची नात प्रांजली सहावीत होती. दोन वर्षांपूर्वी ही पोरगी अक्षराखाली बोट धरून, घाम फुटेस्तोवर एक ओळ वाचायची. आता मेंढरांमागं चालता चालता वाचायची आणि दगडाला ठेचकाळायची. ‘तेरावी पायरी’साठी तिनं दीड महिना नंबर लावला होता. दिवस मावळला की गावच्या बारवेत एक पायरी जास्त दिसते, तिच्यावर ज्याचा पाय पडेल त्याची सावली ती ठेवून घेते, आणि तीन पोरं हरवलेल्या सावल्या शोधायला आत उतरतात, अशी ती गोष्ट. प्रांजलीनं ती मेंढरांच्या वाड्यात बसून वाचायला घेतली, निम्म्याच्या पुढं गेली आणि त्याच रात्री तापानं फणफणली. झोपेत “पायरी, पायरी” म्हणून किंचाळली. झालं! म्हाळसाबाईला आणखी काय पुरावा पाहिजे?

“ज्याच्यातून आलं त्याच्याच संगं वाटंला लावलं,” म्हाळसाबाई अमिनाला म्हणाली. सत्तरीची, काटक बाई. कमरेवर हात ठेवून उभी. “तिसऱ्या दिशी ताप गेला. आता तुझी गाडी आन् तुझी भुतं, दोन्ही आमच्या वस्तीवर नगं.”

“मावशी, दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या ना?”

“आणल्या व्हत्या. म्हणून काय झालं?”

गाडीभोवती एरवी झुंबड उडायची. आज पोरं दहा हात लांब उभी होती. ड्रायव्हर कडुबा तर गाडीतून उतरायलाच तयार नव्हता. अमिनानं ठरवलं, जाऊ दे. पुस्तक हरवलं असं लिहून टाकू आणि निघू. कुठं डोकं लावत बसता या उन्हात! तेवढ्यात आजीच्या पदराआडून प्रांजली हळूच बोलली, “मॅडम, सावल्या घावल्या का वो शेवटाला?”

आजीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. पोरगी रडली नाही. उत्तरासाठी अमिनाकडं बघत राहिली.

आणि मग अमिनानं ते केलं, जे या भागात शहाणं माणूस करत नाही. ती वाट ओलांडून गेली, वाकली (गुडघ्यानं कळ मारली, तिनं तोंडानं “या अल्लाह” म्हटलं) आणि पुस्तक उचललं. कव्हरावरचा वाळलेला भात झाडला. मागं बायकांनी “अगं बाई!” केलं. कुणीतरी आपलं लेकरू ओढून घरात नेलं.

म्हाळसाबाई पांढरी पडली. पण बाई करारी. सगळ्यांच्या समोर तिनं सांगून टाकलं, “उचललास उतारा? बरं. पुढल्या बाजारच्या दिशी हितंच, ह्याच लिंबाखाली उभी ऱ्हाऊन दाखव. धडधाकट. तसं झालं तर पोरीला मीच पुस्तक दीन. नाय आलीस, नायतर आजारून आलीस, तर ह्या वस्तीवरचं एक बी पोर तुझ्या गाडीला शिवणार नाय.”

“येते,” अमिना म्हणाली. आठ दिवसांत काय होतंय?

सहाव्या दिवशी तिला ताप भरला.

शहरात घरोघर साथ होती. डॉक्टरनं तर वरही न बघता गोळ्या लिहून दिल्या. पण अंगात कणकण भरून पलंगावर पडल्यावर अमिनाला तो उतारा आठवला. साफ सांगायचं तर ती भ्यायली. तिची नानीसुद्धा नजर उतरवून मिरच्या चुलीत टाकायची आणि ठसका आला नाही की घरभर कुजबूज सुरू व्हायची. लहानपणी हाडांत शिरलेलं असं कुठं जातंय? तिनं ती ‘तेरावी पायरी’ उशाखालून काढली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एक भुताचं पुस्तक शेवटापर्यंत वाचलं. डोळे चुरचुरत होते, तरी वाचलं. शेवटी सावल्या सापडल्या, म्हणून तिला जरा बरं वाटलं. बावन्न वर्षांची बाई, काय म्हणावं तिला!

बाजारच्या दिवशी सकाळी लेक माहनूर थर्मामीटर घेऊन आडवी आली. “अम्मी, एकशे दोन है! कुठं निघालीस? एक हप्ता नहीं गये तो क्या आसमान गिरता?”

“गिरता,” अमिना म्हणाली. “आज नाही गेले तर म्हणतील, उतारा भोवला. मग कोण आई पोरीच्या हातात पुस्तक देईल? ती प्रांजली परत मेंढरांमागं नुसती चालत राहील.”

माहनूरनं कपाळाला हात लावला आणि पाण्याची बाटली भरून दिली.

कडुबानं गाडीला नवी लिंबू-मिरची बांधली होती. आरशातून तो सारखा मागं बघत होता. “मॅडम, डोळे लाल झालेत तुमचे.”

“झोप नाही झाली. समोर बघून चालवा, कडुबाभाऊ.”

वाटेत तिनं दुसरी गोळी घेतली. अंग ठणकत होतं. आपण हे कशासाठी करतोय, आणि कुणाला त्याचं काय, असं तिला आडूळपासून वस्तीपर्यंत दहादा वाटलं.

सगळी वस्ती आधीच जमलेली. कडुबानं खुर्ची काढली, तिनं ती परत आत टाकायला लावली. खुर्चीवर बसली की लगेच निकाल! ती लिंबाला पाठ न टेकता उभी राहिली. पोरं दहा हातांवर, त्यांच्यामागं आया. प्रांजली सगळ्यांच्या पुढं, ओठ घट्ट मिटून उभी.

म्हाळसाबाई आली. वरपासून खालपर्यंत तिनं अमिनाला न्याहाळलं. मग जवळ आली आणि सगळ्यांच्या देखत तिचा हात हातात घेतला.

अमिनाचा हात तव्यासारखा तापलेला. म्हाळसाबाईची बोटं एकदा दचकली. दोघींची नजर भिडली. संपलं, अमिनाला वाटलं. आता हात सोडेल आणि ओरडेल. ओरडली तर ओरडू दे. निदान बसायला तरी मिळेल.

म्हाळसाबाईनं हात सोडला नाही. उलट दुसरा तळवा अमिनाच्या कपाळावर ठेवला, मागं वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “गार हाय! पाण्यासारखी गार हाय बाई! खंडोबाची आन, कायबी झालं नाय हिला.”

मग प्रांजली पळत सुटली आणि तिच्यामागं सगळी फलटण गाडीवर तुटून पडली. कडुबा “अरे हळू, हळू, फाटतील!” म्हणून ओरडायला लागला.

त्या कालव्यात म्हाळसाबाई दबक्या आवाजात बोलली, “येडी का खुळी तू? एवढा ताप घिऊन आलीस व्हय?”

“तुम्हीच म्हणाला होतात ना, या म्हणून.” अमिना पुटपुटली. “पण मावशी, देवाची खोटी शपथ घेतलीत तुम्ही.”

“त्याचं माझं मी बघीन.” म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. “माझ्या नातीपायी तू मरायला आलीस. मला काय दिसत नाय?”

पोरांनी तोवर रिंगण धरलं होतं. “मॅडम, वाचा ना! मॅडम, नवं भूत कोणतंय?” म्हाळसाबाईनं घरातून बाज आणवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं दटावलं, “बाई उभ्यानं वाचती का कवा? बसू द्या तिला!” अमिना बाजेवर टेकली. पुस्तक उघडलं, पण अक्षरं हलत होती आणि अंग एका बाजूला कलायला लागलं होतं.

तेव्हा म्हाळसाबाई बाजेच्या दुसऱ्या अंगाला, पोरांकडं पाठ करून बसली. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी दमली, जरा टेकली. तिनं आपली पाठ अमिनाच्या पाठीला घट्ट लावली आणि दोन्ही पाय जमिनीत रोवले.

“वाच,” ती हळूच म्हणाली. “पडू देत नाय मी.”