डॉक्टर नुर्पेइसची खरी सही

सिर नदीकाठच्या आमच्या तालुक्यात नुर्पेइस आगा (वडीलधाऱ्यांना आम्ही आगा म्हणतो) वीस वर्षं जनावरांचे सरकारी डॉक्टर आहेत, आणि जनावरांचा वास त्यांना मुळीच सोसत नाही. कागदाच्या काळात निदान शिक्का मारायला तरी त्यांना बाजारात यावं लागायचं. डिजिटल सही आली आणि तेवढाही त्रास संपला. सहीची किल्ली असलेला पेन ड्राइव्ह त्यांनी बाजारातल्या चहावाल्याकडे ठेवून दिला आणि पासवर्ड त्याच्या भिंतीवर खडूने लिहिला. विकणाऱ्याने यावं, ‘जनावर मी स्वतः तपासलं, निरोगी आहे’ या मजकुराखाली डॉक्टरांची सही ठोकावी आणि जावं. डॉक्टर घरी लोडाला टेकून.

गेल्या शरदात त्यांच्या लेकीची, बोताची, पाठवणी ठरली. व्याही मोठ्या घरचे, म्हणजे आमच्या रिवाजाप्रमाणे जेवणाला घोडा कापणं आलंच. ओराझ नावाच्या व्यापाऱ्याने फोन केला की चार वर्षांची, अंगाने भरलेली घोडी आहे, दाखला पाठवतो. दाखला आला. सरकारी डॉक्टरांनी तपासल्याचं त्यात लिहिलेलं होतं. कोणत्या डॉक्टरांनी, हे वाचायची तसदी आगांनी घेतली नाही. सरकारी माणसाने बघितलंय तर आपण कशाला बघायचं, असं बायकोला सांगून त्यांनी सौदा पक्का केला.

घोडी दारात उतरली, तेव्हा त्यांच्या बायकोने, शोल्पानने, तिचा ओठ वर करून पाहिला. दात झिजून हिरड्यांना टेकलेले. वीस-बावीस वर्षांची म्हातारी होती. आगा फोनवर ओराझवर गरजले. हा दाखला देणाऱ्या गाढवाची नोकरी घालवतो म्हणाले. ओराझने शांतपणे सांगितलं, खालचं नाव वाचा.

मी नागरी सेवा केंद्रात खिडकीवर बसते. आगा धापा टाकत माझ्यापुढे आले आणि ही सही बनावट आहे, तसं लिहून दे, म्हणू लागले. मी दाखला संगणकावर तपासला.

“आगा, सही खरी आहे,” मी म्हटलं. “तुमच्या सहीचं प्रमाणपत्र सरकारनेच दिलेलं आहे, सही झाली त्या मंगळवारी ते चालू होतं, आणि सहीनंतर दाखल्यात काना-मात्राही बदललेली नाही.”

“मंगळवारी मी दिवसभर घरात होतो, पोरी.”

“मग तसं लिहून द्या. किल्ली दुसऱ्याला दिली होती, असं. मी आजच वर पाठवते.”

आगांनी मागे वळून पाहिलं. मागच्या रांगेतले निम्मे लोक त्यांच्या नावाने आपापल्या मेंढ्या निरोगी ठरवून आलेले. सगळे छताकडे बघत होते.

“घोडीचं वय काय लिहिलंय?” त्यांनी हळूच विचारलं.

“चार.”

“मग चारच असणार,” ते म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले.

पाठवणीला मीही होते. मांस सकाळपासून शिजत होतं, तरी दाताला दाद देत नव्हतं. व्याह्यांनी अदबीने विचारलं, घोडी किती वर्षांची होती. सगळ्या पंगतीसमोर आगांनी चार सांगितलं, वर सरकारी दाखला आहे म्हणाले, आणि स्वतः मोठा तुकडा तोंडात घातला. तो त्यांना गिळवेना, थुंकवेना. पुढची सगळी भाषणं त्यांनी नुसती मान हलवून ऐकली. बोता निघताना आईच्या गळ्यात पडून रडली. बापाच्या जवळ आली तेव्हा तिने फक्त पाण्याचा पेला पुढे केला.