यादीत पहिली आक्का

आमच्या निपाणीच्या घरात बसायला एकच खोली होती आणि त्या खोलीत दोन सुपं मांडलेली असायची. एक आईचं, एक आक्काचं. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि दिवसभर मान खाली घालून बिड्या वळायच्या. वडील लवकर गेले. आक्का सातवीत होती, वर्गात पहिली यायची. एका सुपावर चौघांचं भागेना म्हणून तिला शाळेतून काढलं. चौथी आजी होती, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. मला शाळेतून काढलं नाही. हे मी विसरलेलो नाही.

नवी पानं मांडायच्या आधी आई सूप अंगणात नेऊन झाडायला लावायची. जुना चुरा नव्या पानांत गेला की बिडी बिघडते आणि कारखान्यात तपासणारा ती बाजूला टाकतो. "आधी झाडा, मग मांडा," हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मी सूप मांडत नसतानाही ते हातात बसलं.

पुढं मी बेळगावला कॉलेज केलं आणि बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात डिग्री घेतलेला पहिला माणूस मी. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. शेवटच्या वर्षी निपाणीतलं एक सायबर कॅफे बंद पडलं. तिथं मी सुट्टीत काम करायचो, म्हणून मालकानं एक पीसी मला देऊन टाकला. सायकलच्या कॅरिअरवर पोत्यात बांधून तो घरी आणला. सोबत एक सीडी होती, मोटारींच्या शर्यतीची. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचं. एकानं डावीकडची अक्षरं घ्यायची, दुसऱ्यानं बाण.

आक्कानं बाण घेतले.

"ह्यात ब्रेक कुठला रं?"

"खालचा बाण."

"मग त्याला हातच लावायचा न्हाय."

आणि खरंच लावला नाही. रोज हजार बिड्या वळणारी बोटं ती. मी कॉलेजात शिकलेला, पण तिच्यापुढं माझी गाडी दर वळणावर कठड्याला धडकायची. शर्यत संपल्यावर दहा जणांची यादी यायची आणि पहिल्या आलेल्याला नाव विचारायची. आक्कानं एकेक अक्षर शोधून AKKA असं लिहिलं. आईनं सुपावरून मान वर केली.

"पैली आलीस व्हय गं?"

सातवीनंतर आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.  त्या दिवशी आक्कानं बराच वेळ पीसी बंद करू दिला नाही.

नंतर आक्काचं लग्न होऊन ती सदलग्याला गेली. मला बेळगावात नोकरी लागली आणि मी तिथल्याच शहापुरात, साड्या विणणाऱ्या मागांच्या वरच्या खोलीत, भाड्यानं राहू लागलो. पीसी माझ्याबरोबर आला. वर्षं गेली तसा तो थकला. एक फाईल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. नवी विंडोज त्याला झेपणारी नव्हती. ऑफिसातले म्हणायचे, "अण्णा, भंगारात घाला की." मी घालत नव्हतो, कारण त्यात ती यादी होती. सणासुदीला आक्काचा फोन आला की शेवटी ती हमखास विचारायची, "माझा नंबर हाय का रं अजून?"

"हाय की."

ऑफिसातल्याच एकानं विंडोजऐवजी लिनक्स सुचवलं. फुकट आहे, हलकं आहे, जुन्या मशीनवर पळतं. पेन ड्राइव्हवरून चालवून बघितलं तर खरंच पळत होतं. मग कायमचं बसवायला घेतलं. फोटो आणि कागदपत्रं आधी काढून ठेवली. पडद्यावर प्रश्न आला: जुनं राहू देऊन शेजारी बसवायचं, की सगळी डिस्क पुसून बसवायचं? मी विचारच केला नाही. नवं मांडायचं तर आधी झाडायचं. बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर गेली तेव्हा यादी आठवली; आता थांबवून उपयोग नव्हता. खाली माग खटाखट चालले होते आणि मी पडद्याकडं बघत बसून राहिलो.

लिनक्सनं मला काही त्रास दिला नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंग जमलं, प्रिंटर लागला, ऑफिसचं काम आठवड्याभरात सुरळीत झालं. ती सीडी मी जपून ठेवली होती. पण तो खेळ विंडोजचा. लिनक्सवर असे खेळ चालवायची एक मधली सोय असते, ती बसवली. आधी नुसता काळा पडदा, मग चित्राशिवाय आवाज, आणि चौथ्या संध्याकाळी गाडी सुटली. यादी उघडली. दहाही नावं खेळातली, आयती भरलेली. आक्का कुठंच नव्हती.

महिन्याभरात आक्का नणंदेच्या लग्नाच्या साड्या घ्यायला शहापुरात आली. मी चहा दिला आणि सांगून टाकलं.

"आक्का, तुझा नंबर गेला."

"कोण आलं वर?"

"कोण न्हाय. मीच पुसला. नवं बसवताना सगळं झाडून काढलं."

 ती म्हणाली, "चुऱ्याबरोबर पानंबी झाडलीस व्हय?"

"व्हय."

"एवढं कॉलेज केलंस आणि सूप झाडायला शिकला न्हाईस." ती हसली, पण चहा तसाच राहिला होता. मग साड्यांची पिशवी कॉटवर ठेवली, पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढली. "बस. बाण माझं. आणि मुद्दाम हरलास तर आईला फोन लावीन."

पहिल्या दोन शर्यती मीच जिंकलो. तिची बोटं आखडली होती, बिड्या सोडून तिला बरीच वर्षं झाली होती.  तिसरीत तिनं खालच्या बाणावरचं बोट उचललं. पाचवीत माझी गाडी शेवटच्या वळणावर कठड्याला धडकली आणि तिची पुढं निघून गेली. यादीनं नाव विचारलं. ह्या वेळी तिला अक्षरं शोधावी लागली नाहीत.

तो पीसी आज लिनक्सवर चालतो. माझं रोजचं काम आणि खेळ दोन्ही त्यावरच होतात. यादीची एक प्रत मी वेगळी काढून ठेवलीय. तिच्यात पहिली आक्का आहे, दुसरा मी. मी मुद्दाम हरलो नाही.