छत्रीची कड

कोणी उपदेश करू लागले की समोरच्या बाई प्रथम चष्मा कपाळावर सरकवीत, एक डोळा किंचित मिटीत आणि बोलणाऱ्याकडे कॅमेऱ्यातून पाहावे तसे पाहत. मग शांतपणे विचारीत, "का बरं?" असा प्रश्न विचारणारी माणसे आपल्यालाही भेटली असतील. उत्तर मिळेपर्यंत चष्मा खाली न आणणारी मला ही एकच भेटली.

वारज्यातल्या आमच्या इमारतीत त्यांचे दार माझ्या दारासमोर होते. बँकेने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी मुदतठेवी केल्या, मुलांना संगणकाच्या वर्गाला घातले. बाईंनी कॅमेरा घेतला आणि वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्या जॅझ नावाच्या संगीतामागे हिंडू लागल्या. कधी गोव्याचा किनारा, कधी श्रीलंका, तर कधी थेट बोर्निओचे जंगल. जिथे घाम आहे, पाऊस आहे आणि देशोदेशींचे वादक उघड्या मंचावर वाजवीत आहेत, तिथे बाई साडीचा पदर खोचून पुढच्या रांगेत उभ्या.

तिकडच्या दमट हवेने लेन्सना बुरशी धरते. म्हणून परतल्यावर त्या लेन्स गच्चीवर उन्हात मांडीत, नेमक्या कुरडयांच्या शेजारी.

"अहो, कुरडयांना वास लागेल!" शेजारणी ओरडत.

"लेन्सला लागला तर मी तक्रार करीन."

त्यांचे यजमान नेहमी सोबत जात. अत्यंत मितभाषी गृहस्थ. "आवडतं का हो तुम्हांला ते संगीत?" मी एकदा विचारले.

"छे. मी छत्रीसाठी जातो."

पाऊस आला की ते मागे उभे राहून कॅमेऱ्यावर छत्री धरीत. ते काम त्यांना कधीही नीट जमले नाही. त्यामुळे बाईंच्या पावसातल्या प्रत्येक छायाचित्रात डावीकडे वरच्या कोपऱ्यात छत्रीची काळी कड उतरलेली असे.

"सरळ धरता येत नाही का?" बाई करवादत.

"तू आधी सरळ उभी राहा," ते म्हणत.

माझे बालपण पाठशाळेत गेले. एक स्वर ढळला तरी मंत्र दूषित होतो, या शिस्तीत वाढलेल्या मला त्यांच्या घरातून ऐकू येणारे ते वादन विस्कटलेले वाटे. न राहवून विचारले, "हे लोक वाजवताना चुकत नाहीत?"

"चुकतात की. मग तीच चूक पुन्हा मुद्दाम वाजवतात, शास्त्रीबुवा. म्हणजे ती त्यांची होते."

हे प्रायश्चित्त मला अजब वाटले. परंतु त्यांची छायाचित्रे मी मन लावून पाहत असे. वादक फुंकताना त्या टिपत नसत. श्वास भरून घेताना टिपत. "तेव्हा माणूस खरा दिसतो," त्या म्हणत. नित्य प्राणायाम करणाऱ्याला हे कळण्यास अडचण नव्हती.

एके वर्षी यजमान होळीच्या सुमारास वारले. आषाढात बोर्निओच्या उत्सवाला जायचे होते. दोन तिकिटे आधीच काढलेली होती. बाईंनी एक रद्द केले, एक ठेवले.

इमारत खवळली. वर्ष पुरे होईपर्यंत घरात सण करायचा नाही, आणि ही बाई गाण्याबजावण्याला निघाली! अखेर त्यांचे दीर माझ्याकडे आले. "शास्त्रीबुवा, आपण बोला. वहिनी म्हणतात, शास्त्रीबुवांनी कारण सांगितलं तर थांबते."

तीन दिवस मी पोथ्या काढून बसलो. ग्रंथांत काही सापडले नाही असे लिहिले तर ते असत्य होईल. पतीच्या निधनानंतर स्त्रीने काय काय वर्ज्य करावे, याची लांबलचक यादी तिथे होती. आज्ञा पाळली तर मिळणारी फळे होती, मोडली तर वाट्याला येणारी भये होती. कारण नव्हते.

चौथ्या दिवशी पूजा आटोपून मी त्यांच्या दारी गेलो. "निषेध आहे," मी म्हणालो.

चष्मा कपाळावर गेला. "का बरं?"

पन्नास वर्षे मी शिकवले. शब्दाचा अर्थ विचारणारे, अन्वय विचारणारे विद्यार्थी पुष्कळ भेटले होते. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला कधी विचारला नव्हता. खोटे बोलावे, तर नुकताच देवासमोरून उठून आलो होतो.

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "आपण जाऊन या."

सायंकाळी दीर आले. "काय निघालं शास्त्रात?"

"निषेध निघाला."

"बघा! मी म्हणतच होतो."

"आणि अनुज्ञा मी दिली आहे."

"ग्रंथाविरुद्ध?"

"होय. दोष असेल तो मला लागेल."

"उद्या मुहूर्त विचारायला कोणी तुमच्या दारी येणार नाही, शास्त्रीबुवा."

"न येवो. जपाला तेवढाच वेळ मिळेल."

खरोखरच कोणी येईना. शनिवारच्या माझ्या प्रवचनाला सतरंजी मोठी पडू लागली. दिरांनी आपल्या घरी वर्षश्राद्ध केले, तेव्हा मला बोलावले नाही. त्या दुपारी बाई स्वतःच माझ्याकडे आल्या. एका हातात खीर-वड्यांचा डबा, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेले छायाचित्र.

मुसळधार पाऊस. सॅक्सोफोन ओठांपासून बोटभर दूर धरून छाती भरून घेणारा एक वृद्ध वादक. आणि डावीकडे वरच्या कोपऱ्यात छत्रीची काळी कड.

"छत्री कोणी धरली?"

"कोणी नाही. खांद्याला बांधली होती."

"तरीही कड आलीच की!"

"आली नाही," चष्मा नाकावर आणीत त्या म्हणाल्या. "घेतली. मुद्दाम."

गुडघ्यांनी साथ दिली तोवर त्या दरवर्षी जात राहिल्या. आता समोरच्या दारावर दुसरी पाटी आहे. ते छायाचित्र माझ्या देवघराशेजारी असते. परवा त्याची काच तडकली, म्हणून चौकटीच्या दुकानात नेले. दुकानदाराने ते उजेडात धरून पाहिले.

"फोटो झकास आहे, आजोबा. पण कोपऱ्यात हे काळं आलंय. तेवढं कापून टाकू का?"

मी चष्मा कपाळावर सरकवला.