सरांच्या सहीवर हरकत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आई-वडिलांच्या आधी कोल्हारच्या सरांचं नाव घेतो, आणि आई-वडील त्यावर रागवत नाहीत.

शेवगावकडच्या मराठी शाळेतून मी इंजिनिअरिंगला गेलो, तेव्हा पदवी म्हणजे काय हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्गात सगळं इंग्रजीत. सर तास संपल्यावर मला थांबवून घ्यायचे आणि तेच सगळं मराठीत समजावून सांगायचे. दिवाळीत वसतिगृह बंद व्हायचं. आई-वडील तेव्हा ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले असायचे, घराला कुलूप. मग सर मला कोल्हारला आपल्या घरी न्यायचे. काकू घरातल्या मुलांबरोबर माझ्यासाठीही उटण्याची वाटी वेगळी काढून ठेवायच्या.

आता मी केडगावात एका छोट्या फर्ममध्ये काम करतो. गावोगावच्या पाणी योजनांची सरकारी कामं नीट होतात की नाही, हे तपासायचं आमचं काम. तेही निविदा भरूनच मिळतं. निविदेत दराइतकंच महत्त्व माणसांना असतं. प्रकल्प प्रमुख कोण, त्याचं शिक्षण काय, अनुभव किती, यावर गुण देतात. त्यामुळे आमच्या धंद्यात मोठ्या माणसांचे बायोडाटे लग्नातल्या सतरंज्यांसारखे फिरतात. ज्याला लागेल तो मागून नेतो. देणाराही प्रत्येक पानावर निळ्या शाईत सही करतो आणि विसरून जातो.

या वेळी आम्ही तसं केलं नव्हतं. आमच्या प्रकल्प प्रमुख म्हणजे ताई. त्या शेवगावच्याच. आई अंथरुणाला खिळली म्हणून पुण्याची नोकरी सोडून आलेल्या. हे काम मिळालं तर त्यांना जिल्ह्यातच राहून पगार सुरू होणार होता. नाही तर परत पुणे, आणि आईचं काय करायचं याला उत्तर नव्हतं.

निकाल लागला आणि आम्ही थोडक्यात दुसरे आलो. पहिल्या आलेल्या फर्मचे कागद बघायला मी सरकारी कार्यालयात गेलो. त्यांच्या प्रकल्प प्रमुखाला पैकीच्या पैकी गुण होते. पान उलटलं तर खाली सरांची सही.

प्रकल्प प्रमुखानं नगरला राहून पूर्णवेळ हेच काम करावं, अशी निविदेत अट होती. सर तर रोज कॉलेजात शिकवतात. हरकत घेतली तर त्या फर्मचे गुण जाणार, हे उघड होतं.

फर्मच्या मालकांना आम्ही दादा म्हणतो. मी हे सांगताच ते खुर्चीतून उठलेच.

"आता कसं! आजच्या आज लिव्ह. तुझं इंग्रजी लई भारी हाय."

"दादा, हे माझे सर आहेत."

"व्हय, मग? सही करताना त्यांना तुझी आठवन झाली हुती का?"

ताई शेजारच्या टेबलावर होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुला जमत नसेल तर मी लिहिते. फक्त मग लोक म्हणतील, बाई स्वतःच्या खुर्चीसाठी भांडतेय."

"म्हनू द्या की," दादा म्हणाले.

"तुम्हाला काय जातंय म्हणायला?"

मुदत शुक्रवारपर्यंत होती. मला जेवण गोड लागेना. कॉम्प्युटर उघडायचो, दोन ओळी लिहायचो आणि चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहायचो. शेवटी गुरुवारी गाडी काढली आणि मनमाड रस्त्यानं कोल्हार गाठलं.

सर अंगणात पेरू निवडत बसले होते.

"काय रे, पत्रिका आणलीस का लग्नाची?"

"नाही सर."

"मग तोंड का पाडलंयस? बस. हा घे, पाखरानं टोचलेला आहे, म्हणजे गोड असणार."

मी झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसून ती वाचली.

"सही माझीच आहे. त्या फर्मचा मालक घरी आला, म्हणाला सर, बायोडाटा द्या. विद्यार्थी आहे माझा. तू मागितला असतास तर तुला दिला नसता का?"

"सर, त्यात लिहिलंय की तुम्ही नगरला राहणार, पूर्णवेळ काम करणार."

"मी? आणि कॉलेज?"

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मी मनात एकच म्हणत होतो, सर, तुम्हीच एक ओळ लिहा की मी हे काम करू शकत नाही. शेवटी तसं तोंडाने बोललोही.

त्यांनी झेरॉक्सची घडी घालून ती माझ्या हातात परत दिली. "त्यानं माणसं कामाला लावली असतील रे. तोही माझाच, तूही माझाच. मी लिहिणार नाही."

"मग मला लिहावं लागेल, सर."

"तुझं तू बघ," ते म्हणाले आणि आत गेले. काकू चहा घेऊन आल्या, तेव्हा अंगणात मी एकटाच होतो.

शुक्रवारी मी हरकत दाखल केली. सरांबद्दल एकही विशेषण लिहिलं नाही. अट कोणती आणि ते कुठे नोकरी करतात, एवढंच. सुनावणी झाली, गुण नव्याने दिले, काम आम्हाला मिळालं. दादांनी पेढे वाटले. ताई पहिल्याच दिवशी पाथर्डीकडच्या एका गावात टाकी बघायला गेल्या. आणि त्याच आठवड्यात कळलं, या सहीवरून कॉलेजनं सरांना कारणे दाखवा नोटीस दिली आहे. मी फोन केला, त्यांनी उचलला नाही. मग हे पत्र पाठवलं.

*

आदरणीय सरांना सा. न.

हरकत मी घेतली. दादांनी सांगितलं म्हणून घेतली, असं म्हणणार नाही. ताई खरंच नगरला राहून काम करणार होत्या आणि तुम्ही करणार नव्हता. हे मला माहीत असताना गप्प बसणं जमलं नाही. कागद दुसऱ्या कुणाचा असता तर मी दोन दिवसही थांबलो नसतो. तुमचा होता म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबलो.

नोटिशीबद्दल कळलं. तुम्ही सहीचा एक रुपया घेतला नाही, दारात आलेल्या विद्यार्थ्याला नाही म्हणता येत नाही म्हणून सही केलीत, हे मी तुमच्या प्राचार्यांसमोर येऊन सांगेन, लेखीही देईन. पण सरांनी अट वाचली होती का असं त्यांनी विचारलं, तर वाचली नव्हती असंच सांगेन. त्याहून जास्त मला सांगता येणार नाही.

माझ्यावर रागावला असाल तर तो राग मला मान्य आहे. फक्त फोन न उचलून रागावू नका, ते सोसत नाही. रविवारी मी कोल्हारला येतोय. घरात घ्यायचं नसेल तर अंगणातूनच परत पाठवा, पण तुम्ही स्वतः बाहेर येऊन पाठवा.

तुमचा विद्यार्थी