उद्याच्या तारखेला तेवीस अंश

औषधनिर्माण शिकवणाऱ्या एका कॉलेजच्या प्राणी-नैतिकता समितीवर मी सहा वर्षं आहे. प्राण्यांवर प्रयोग करायचा तर आधी या समितीची परवानगी लागते, आणि समितीत विज्ञानाशी संबंध नसलेलं एक माणूस लागतं. ते मी. एरवी मी बँकेत असते. उंदराच्या यकृतातलं मला काही कळत नाही, म्हणून तपासणीला यादी घेऊन जाते: पाणी, भुसा, वास, एका पिंजऱ्यात किती, नोंदवही.

मे महिन्यातल्या तपासणीत नोंदवही उघडली. खोलीचं तापमान तेवीस, तेवीस, तेवीस. उद्याच्या तारखेलाही तेवीस.

प्राणिगृह सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, "उद्याचं आजच कसं कळलं?"

"भाचीचं लग्न आहे ना उद्या, मॅडम. म्हणून लिहून ठेवलं. हवामान खात्यावाले नाही का आधीच सांगत?"

हसू आलं होतं, पण दाबलं. एसीसमोर हात धरला. वारा नव्हता. कोपऱ्यात कूलर घरघरत होता.

"कधीपासून बंद आहे?"

"पंधरा दिवस झाले. दोनदा सांगतलं ऑफिसात. मी रोज दुपारी गोणपाट ओले करून खिडकीले लावून राहिलो. त्यायले बी जीव आहे ना."

त्याच पंधरा दिवसांत एका विद्यार्थिनीचा प्रयोग झाला होता. ताप उतरवणारी वनौषधी. उंदरांना ताप आणायचा, औषध द्यायचं, अंगाचं तापमान मोजायचं. चोवीस उंदीर, प्रयोग संपल्यावर मारलेले. खोलीच तापलेली असेल तर त्या आकड्यांना काय अर्थ, हे बँकेतल्या माणसालाही कळतं.

ती दारातच उभी होती. पुढच्या महिन्यात तिला प्रबंध द्यायचा होता.

"मॅडम, नोंदवहीत तर तेवीसच आहे ना?"

"आणि खोलीत?"

तिचे डोळे भरले. "हे आकडे टाकून दिले तर आणखी चोवीस मारावे लागतील. ते चालेल तुम्हाला?"

मी यादी घडी करून पर्समध्ये ठेवली.

"काहून रडून राहिली वं?" काका म्हणाले. "पाणी पी आधी."

समितीच्या बैठकीपूर्वी मी कागदावर मधोमध रेघ ओढून दोन भाग केले. आकडे ठेवले तर आणखी एकही उंदीर मरणार नाही. पण चोवीस गेले ते खोट्या तेवीससाठी, आणि त्या आकड्यांवर विसंबून कुणी पुढचा प्रयोग केला तर तिथेही पिंजरे असणारच. आकडे टाकले तर मुलीचं सत्र जाणार आणि नवे प्राणी माझ्या सहीने मरणार.

बैठकीत मी म्हटलं, टाकून द्या. समितीवर बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञांनी औषधाची एक मात्रा, म्हणजे सहा उंदरांचा एक गट, गाळली तर अठरा उंदरांत भागेल, असं दाखवलं. एसी महिनाभर नीट चालल्याशिवाय पिंजरा उघडायचा नाही, ही अट माझी. काकांना ताकीद मिळाली. ज्या ऑफिसात त्यांनी दोनदा सांगितलं होतं त्याला कुणी काही म्हटलं नाही, म्हणून मी वेगळं पत्र दिलं. नवा एसी पंधरवड्यात बसला.

प्रयोग दिवाळीनंतर झाला. औषधाचा फारसा उपयोग दिसला नाही. मुलगी प्रबंधाची प्रत द्यायला बँकेत आली, तेव्हा मी आधी प्राण्यांच्या संख्येचं पान काढलं. अठरा असेल असं धरून चालले होते. तिथे बेचाळीस होतं, आणि खाली पहिले चोवीस का वाया गेले ते चार ओळींत.

"गाइड सर म्हणाले, हे लिहायची गरज नाही," ती म्हणाली.

"मग?"

"माझ्याच हातून गेले ना, मॅडम."

मागे रांग वाढत होती. मी तिला प्रतीची पोच लिहून दिली.