तळाचं वरण

मयुरीचा चंदन दीड वर्षाचा झाला तरी उभा राहत नव्हता. हातापायाच्या काड्या, पोट तेवढं पुढे. तिचे सासरे शालिग्रामनाना म्हणायचे, "आपलं खानदानच बारीक. मी नही का बारीक?" नाना बारीक आहेत हे खरं, पण केळीचा घड खांद्यावर टाकून ट्रॅक्टरपर्यंत ताठ चालत जातात. एवढा फरक त्यांना दिसू नये, याचा मला, म्हणजे त्यांच्या शेजारणीला, भारी राग यायचा.

घरात खायला नव्हतं असं मुळीच नाही. रावेरजवळचं आमचं गाव. तूर घरची, म्हैस दारात. गोची होती वाढण्यात. केळी कापायला जाणारे पुरुष आधी जेवणार आणि तळाचं घट्ट वरण त्यांना. लेकराचं पोट नाजूक, म्हणून त्याला वर तरंगणारं पाणी. आजी शेवंताबाई ते मीठ घालून वाटीवाटीनं पाजायच्या. पोर निजायचं. सगळ्यांना वाटायचं, जेवलं.

अंगणवाडीत वजन झालं तेव्हा सेविकेनं स्पष्ट सांगितलं, वजन फारच कमी आहे, आता वाढलं नाही तर दवाखान्यात भरती करावं लागेल. मयुरी पहूरची, सून म्हणून आली तेव्हापासून कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. ती घरी आली, पातेल्यात तळापर्यंत पळी घातली आणि पहिली वाटी चंदनची भरली. भात कुस्करला, वर तूप.

"बाप्यामानसाच्या आधी लेकरू?" नाना कडाडले. "अन् घट्ट वरन कसं पचीन त्याले?"

"पानी पाजून काय झालं, ते दिसू राह्यलं ना, नाना."

नवरा हितेंद्र बापापुढे तोंड उघडत नाही. शेवंताबाई मात्र रडायला लागल्या. "माह्या हातानं पोर वाळलं का?"

"तुमी मायेनंच पाजलं, आई," मयुरी म्हणाली. "पन पानीच पाजलं."

पुढचे दिवस वाईट गेले. चंदन घास थुंकायचा, ओकायचा. नाना "सांगत होतो" म्हणून मोकळे. मयुरी फरशी पुसायची, हात धुवायची आणि पुन्हा घास करायची. मला वाटलं, थकेल. थकली नाही. हळूहळू चंदन गिळायला लागला. वजनाचा काटा जरासा हलला, पण सेविका म्हणाली, एक दिवसही सोडू नका.

मग एका दुपारी फैजपूरहून अचानक पाहुणे आले आणि वरण कमी पडलं. घट्ट उरलं होतं ते चंदनच्या वाटीतच. नाना म्हणाले, "त्याले आज पानी चालीन. पाहुन्यायले वाढ ते."

मयुरीनं वाटी पदराखाली घेतली. ती काही बोलणार, तेवढ्यात शेवंताबाईंनी चंदनला मांडीवर ओढलं, वाटी मागून घेतली आणि पाहुण्यांदेखत नानांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पानी यांच्या ताटात वाढ, मयुरी. हे मोठे आहेत, यायले पचीन."

पाहुणे हसले. नानांचा चेहरा पडला. त्यांनी त्या पाण्यात भाकरी कुस्करून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी नाना मला कुंपणाशी भेटले. "काल जेवून बागात पोचलोबी नही, तं पुन्हा भूक लागली, बाई," म्हणाले. थोडं थांबून, खालच्या आवाजात, "मंग ते लेकरू रडत कसं नव्हतं?"

"रडाले बी अंगात जोर लागते, नाना," मी म्हटलं.